वासवाल्या मॅडम

वासवाल्या मॅडम माणसाचं नाव विचारण्याआधी त्याचा श्वास तपासायच्या. समोर कोणी येऊन बसलं की त्या आपली खुर्ची पुढे ओढायच्या, इतकी की त्यांचे गुडघे समोरच्याच्या गुडघ्यांना लागायचे. मग चष्मा कपाळावर सरकवायचा, डोळे मिटायचे आणि म्हणायचं, "हा करा." समोरचा माणूस 'हा' करण्याऐवजी मागे सरकायचा. तो जितका मागे जाईल तितक्या मॅडम पुढे. शेवटी भिंत यायची आणि त्याचा नाइलाज व्हायचा.

आमच्या भागात कुणाच्या तोंडाला वास येत असला तर लोक दोन गोष्टी करतात. त्याच्यासमोर मान वळवतात आणि त्याच्या मागे बोलतात. मुद्दाम इतक्या जवळ जाऊन, डोळे मिटून, फुलाचा घ्यावा तसा कुणाच्या तोंडाचा वास घेणारं माणूस आम्ही पाहिलं नव्हतं. मॅडम वासाला नावंही द्यायच्या. "हा ओल्या पोत्याचा." "हा फुलदाणीतल्या शिळ्या पाण्याचा." "हा दाढेतला आहे, उजवीकडे कीड असणार." आणि हे सगळं भाजी निवडत असल्यासारख्या शांत चेहऱ्यानं. एकदा मी धीर करून विचारलं, "मॅडम, तुम्हाला किळस नाही येत?" त्या म्हणाल्या, "येते ना. पण मी नाक मुरडलं की समोरच्याचं तोंड बंद होतं. बंद तोंडात मी काय पाहू?"

मॅडम यवतमाळच्या. वडील कलेक्टर कचेरीत कारकून होते, यजमान बँकेत. त्या स्वतः सरकारी दवाखान्यात दातांच्या डॉक्टर होत्या. यजमान गेले, नोकरी संपली, मुलगा नागपुरात. घरात बसवेना म्हणून दर गुरुवारी एसटीनं आमच्या गावाजवळच्या बोरी अरबला यायच्या आणि जब्बारचाचांच्या मेडिकलमागच्या खोलीत बसायच्या. खोलीत एक खुर्ची, एक बाक, एक टेबल आणि मध्ये एक पडदा. पडदा इतका पातळ की बाकावर बसलेल्याला आतलं सगळं ऐकू यायचं. त्यामुळे मला त्यांच्याबद्दल जे माहीत आहे, त्यातलं बरंच बाकावर बसून ऐकलेलं आहे. मी काही फार लिहिणारी नाही. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच, आणि निबंधापलीकडे मी काही लिहिलेलं नाही. जसं आठवतं तसं सांगते.

ती कापसाची वाईट वर्षं होती. आमचे बाबा दारव्ह्याला जिनिंगवर हमाली करायचे आणि जिनिंगचा हंगाम दर वर्षी आखडत चालला होता. आई दुसऱ्यांच्या शेतात कापूस वेचायला जायची. तेव्हा बाहेरगावाहून गाड्या भरून लोक यायचे. कापूस किती झाला, फवारे किती मारले, घरात कोण गेलं, असे त्यांचे प्रश्न ठरलेले असायचे. लोकांची उत्तरंही ठरून गेली होती. मॅडम मात्र उघड सांगायच्या, "मला कापसातलं काही कळत नाही." त्यांना एकाच गोष्टीचं कुतूहल होतं. माणसाच्या तोंडाला वास येतो, तो नेमका येतो कुठून?

आम्ही त्यांच्याकडे गेलो ते माझ्या मोठ्या बहिणीमुळे, वनिताताईमुळे. ताईचं लग्न दिग्रसकडच्या एका खेड्यात झालं होतं. वर्षही झालं नसेल, तिला माहेरी आणून सोडलं. निरोप भाऊजींच्या एका काकानं दिला. तो ओट्यावर बसून, चहा पिऊन, कप खाली ठेवून म्हणाला, "पोरीच्या तोंडाले वास येते. तिच्या पोटात काईतरी रोग हाय. नीट झाली का पाठवा." आई म्हणाली, "जावईबापू काय म्हनते?" काका म्हणाला, "त्याले बी इचारलं. तो बी येते म्हनते."

या शेवटच्या वाक्यानं ताई खचली. सासू म्हणाली असती, चुलतसासू म्हणाली असती, तर तिला एवढं लागलं नसतं. तिनं त्या दिवसापासून बोलताना तोंडावर पदर धरायला सुरुवात केली. आमच्याशीही. जेवताना भिंतीकडे तोंड करून बसायची. आईनं लवंगा दिल्या, तुरटीच्या गुळण्या दिल्या, राखेनं दात घासायला लावले, उष्णता कमी व्हावी म्हणून सब्जा भिजवून दिला. गावात कुणाला कळू नये म्हणून हे सगळं दार लावून चालायचं. आणि गावात सगळ्यांना कळलं होतं.

पहिल्या गुरुवारी ताई पडद्याआड गेली ती पदरासकट. "हा कर," मॅडम म्हणाल्या. ताईनं पदर आणखी घट्ट धरला. मॅडम पुन्हा म्हणाल्या. ताई रडायलाच लागली. मी उठून आत डोकावले. मॅडमनी खुर्ची पुढे ओढली आणि त्यांनीच आ केला.

"आधी तू माझा घे," त्या म्हणाल्या. "सांग, कसला येतो?"

ताई घाबरून माझ्याकडे बघायला लागली. मी काय सांगणार?

"घे गं. मी काही महाराणी नाही."

ताईनं पदराआडूनच नाक जरा पुढे केलं. "चायचा येते," ती म्हणाली.

"चहा मी पीत नाही. नीट घे."

ताईनं पदर सोडला. आता तिला खरंच उत्सुकता वाटली असावी. तिनं मॅडमचा श्वास घेतला, थोडा विचार केला आणि म्हणाली, "कांदा खाल्ला जी तुमी."

"शाबास! काल रात्री झुणक्याबरोबर. आता तुझी पाळी." मग ताईनं 'हा' केलं.

मॅडमना वास आला. त्यांनी लपवलं नाही. "आहे," म्हणाल्या, "थोडा आहे. पण हा पोटातला नाही." मग त्यांनी आम्हाला जे समजावलं ते मला शाळेत कुणी समजावलं नव्हतं. पोटाची वाट एरवी बंद असते, ढेकर आली तरच उघडते. वास बहुतेक वेळा तोंडातच तयार होतो, हिरड्यांत, दातांच्या फटींत, आणि सगळ्यात जास्त जिभेच्या मागच्या भागावर. तिथं पांढरा थर बसतो, त्यात जिवाणू राहतात, ते आपलं उरलंसुरलं खातात आणि जो वायू सोडतात तो हा वास. "आणि हे सगळं धुऊन काढते ती लाळ. लाळ म्हणजे तोंडातली मोलकरीण. दिवसभर धूत असते. आपण झोपलो की तीही झोपते. म्हणून सकाळी राजाच्याही तोंडाला वास येतो."

"आमच्याकडं कुठची मोलकरीन, मॅडम," ताई म्हणाली. माहेरी आल्यापासून तिनं केलेला तो पहिला विनोद होता.

"तुझ्या तोंडात आहे. बिनपगारी."

त्या दिवशी मॅडमनी ताईच्या हिरड्या साफ केल्या, रात्री झोपताना घासायला सांगितलं, जीभ खरवडायची तांब्याची पट्टी जब्बारचाचांकडून घ्यायला लावली. आणि आपला वास आपल्याला कसा कळेल तेही शिकवलं. आपल्या नाकाला आपल्या श्वासाची सवय झालेली असते, म्हणून मनगट जिभेनं चाटायचं, ते वाळू द्यायचं आणि मग हुंगायचं. मी घरी येऊन हे सांगितलं तर सगळेच मनगट चाटत बसले. बाबा म्हणाले, "हे तं नुसतं खारट लागून राह्यलं." आई म्हणाली, "चाटाले नाई सांगितलं, हुंगाले सांगितलं." बाबांनी हुंगलं. मग त्यांनी खिशातली तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याची पुडी काढून फळीवर ठेवली. संध्याकाळी परत खिशात टाकली. पण त्या दिवसापुरती ती फळीवर होती.

पुढच्या गुरुवारांमध्ये बाकावर बसून मी बरंच पाहिलं. एक गृहस्थ होते, पांढरेशुभ्र कपडे घालायचे आणि गालात सतत वेलची. मॅडम त्यांना म्हणाल्या, "भाऊसाहेब, पाहुणे येणार म्हणून घर झाडलं नाही, नुसती अगरबत्ती लावली, असं झालंय हे." ते रागावून गेले आणि पुढच्या आठवड्यात हिरड्या दाखवायला परत आले. जब्बारचाचांच्या काउंटरवर तोंडाला सुगंध आणणाऱ्या गोळ्यांची बरणी होती. मॅडम प्रत्येकाला सांगायच्या, त्या घेऊ नका, मीठपाण्यानं चूळ भरा. चाचा पडद्यातून डोकं आत घालून म्हणायचे, "मॅडम, भाडा तो लेता नहीं मैं आपसे, कम से कम गोली तो बिकने दो!" मॅडम म्हणायच्या, "चाचा, तुम्ही आधी हा करा." चाचा डोकं बाहेर काढून घ्यायचे.

आणि दामूआजा. आमच्याच गावचे, तोंडात दात नावालाच उरलेले. ते कवळी करायला आले होते. मॅडमनी त्यांचा श्वास घेतला आणि डोळे उघडले. पुन्हा घेतला. "आजोबा, काही गोड फळ खाऊन आलात का? पिकून गेलेलं?" "कायचं फळ व बाई, सकायपासून पोटात अन नाई. नुसती तहान लागते, पानीच पानी." मॅडमनी त्यांना कवळीचं काही न बोलता त्याच पावली जीपमध्ये बसवून दारव्ह्याच्या दवाखान्यात पाठवलं. साखर फार वाढलेली निघाली. आजा बरे होऊन आल्यावर गावभर सांगत सुटले, "त्या बाईनं नाकानं शुगर मोजली बाप्पा!" मॅडमना ते आवडलं नाही. "मोजली यंत्रानं," त्या म्हणाल्या. "मला फक्त शंका आली."

मॅडमचे दोषही होते. उशिरा आलेल्याला त्या बाहेर उभं करायच्या. आमची बोली त्यांच्या कानाला टोचायची. मी "वास येते" म्हटलं की त्या "येतो" म्हणायच्या, आणि मी लाजून पुढचं बोलणंच विसरून जायचे. कुणाच्या घरचं काही खायच्या नाहीत. आणि आपण सांगितलेलं समोरच्यानं केलं नसणार, असं त्या पटकन धरून चालायच्या.

ताईच्या बाबतीत तसंच झालं. दुसऱ्या गुरुवारी वास होता. तिसऱ्याही. मॅडम चिडल्या. "जीभ साफ करतेस की नुसती पट्टी देवाजवळ ठेवलीस?" ताई म्हणाली, रोज करते. मॅडमचा विश्वास बसला नाही. मी म्हटलं, खरंच करते, मी पाहते. मग त्यांनी तिचं नाक, घसा, टॉन्सिल सगळं दाखवून आणायला लावलं, साखर तपासून आणायला लावली. सगळं चांगलं निघालं. पुढच्या खेपेला त्यांनी पुन्हा वास घेतला आणि चष्मा डोळ्यांवर घेऊन म्हणाल्या, "वनिता, तुझं काही चुकत नाही. माझं कुठंतरी चुकतंय. मला तुझा दिवस सांग. सकाळी उठल्यापासून."

"माह्या दिवसात काय हाय सांगाले?"

"तरी सांग. सासरी काय करायचीस?"

ताई सांगत गेली. त्या घरी संडास नव्हता. बायकांनी उजाडायच्या आधी जायचं, नाहीतर अंधार पडल्यावर. मधे कुठं जाणार? कपाशीचं रान उघडं, वेचणीला बाया-माणसं चोहीकडे. म्हणून ती दिवसभर पाणीच प्यायची नाही. घोटभर प्यायली तरी संध्याकाळपर्यंत जीव टांगणीला. जेवायचं सगळ्यांच्या शेवटी, आणि कधी कधी शेवटी काही उरायचं नाही. मॅडम ऐकत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू काहीतरी उमटत होतं. "म्हणजे मोलकरणीला पाणीच नाही," त्या स्वतःशीच म्हणाल्या. मग म्हणाल्या, "पण आता तर तू माहेरी आहेस. इथं का कोरडं?"

उन्हाळा लागला होता. खोलीत पंखा नव्हता. बोलता बोलता मॅडमनी आपल्या बाटलीतलं पाणी पेल्यात ओतून ताईपुढे धरलं. ताईनं मान हलवली. "नको जी."

"अगं घे, ओठ सुकलेत तुझे."

"आज गुरवार हाय. उपास हाय माहा."

"पाण्याचाही?"

"निर्जळी हाय."

"कशासाठी?"

ताई खाली बघत म्हणाली, "वास जावा म्हनून."

मॅडम पेला हातात धरून तशाच बसल्या. आम्हाला उपास माहीत होते. सोमवार, गुरुवार, शनिवार, असे वार ताईनं मॅडमना सांगितले. माहेरी आल्यापासूनच ताईनं ते धरले होते. आमच्याकडे बायका उपास करतातच, त्यात डॉक्टरला सांगण्यासारखं काही आहे हे कुणाच्या मनातही आलं नव्हतं. आणि मॅडम दर गुरुवारी, नेमक्या निर्जळीच्या दिवशी, दुपारी तिचा श्वास घेत होत्या.

मला वाटलं, आता त्या रागावणार, नाहीतर हसणार. त्यांनी दोन्ही केलं नाही. पेला टेबलावर ठेवला आणि विचारलं, "मंगळवारी उपास नाही ना?"

"मंगळवारी नाई."

"मंगळवारी येते मी. आदल्या दिवसाचा उपास रात्री सोडशील तेव्हा भरपूर पाणी पी. मंगळवारी सकाळी नीट जेव, दुपारी पाणी पी, आणि मग ये."

आणि त्या खरंच आल्या. एकट्या ताईसाठी यवतमाळहून. जब्बारचाचांनी दुकान सोडून खोलीचं कुलूप उघडलं. खुर्ची पुढे ओढली, गुडघ्याला गुडघा लागला. "हा कर." ताईनं डोळे गच्च मिटले होते. मॅडमनी एकदा घेतला, दोनदा घेतला, तिसऱ्यांदा घेतला. मग म्हणाल्या, "भेंडी. लसूण थोडा जास्त घातला होतास. दुसरं काही नाही."

ताईला ते खरं वाटेना. तिनं मनगट चाटलं, वाळू दिलं, हुंगलं, मग माझ्यापुढे धरलं. मला तिच्या मनगटाला फक्त बांगडीच्या काचेचा आणि घामाचा वास आला.

उपासाबद्दल मॅडम एवढंच म्हणाल्या, "देवाला दिलेला शब्द तू पाळ. मी त्यात पडत नाही. पण पाणी पिऊ नको, हे तुला कुणी सांगितलं?"

"सासूनं. इकडं धाडताना."

"देवानं नाही ना? मग पी." ताईनं उपास ठेवले, पाणी प्यायला लागली, आणि पदर तोंडावरून खांद्यावर आला.

वास गेला, तेव्हा आता ताई सासरी जाईल, असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. मॅडमनीच भाऊजींना निरोप धाडला: डॉक्टरला भेटायचं आहे, आईला घेऊन या. ते आले. भाऊजी गालात खर्रा धरून बाकाच्या टोकावर बसले. सासू पडद्यापाशी उभी राहिली. मॅडमनी ताईला मध्ये बसवलं आणि भाऊजींना म्हणाल्या, "या. तुमची बायको आहे. जवळ या आणि सांगा, येतो का?"

भाऊजी इकडंतिकडं बघायला लागले. चारचौघांत बायकोच्या तोंडाजवळ तोंड न्यायचं म्हणजे काय! "राहू द्या मॅडम," ते म्हणाले.

"का राहू द्या? आणून सोडताना राहू दिलं नाही. या."

ते आले, वाकले, आणि लगेच मागे झाले. "नाई येत."

"आधी येत होता?"

 सासू म्हणाली, "येत होता. मी सोता इचारलं याले, तुले येते का नाई. हो म्हने."

"मी तुम्हाला नाही विचारलं, बाई. यांना विचारते. आधी येत होता?"

भाऊजींनी खर्रा दुसऱ्या गालात सरकवला. मग अगदी हळू आवाजात म्हणाले, "मले कधीच नाई आला."

"मग हो कायले म्हणालात?" मॅडम म्हणाल्या. त्यांच्या तोंडून 'कायले' मी पहिल्यांदा ऐकलं. त्यांच्या लक्षातही आलं नसावं.

"माय म्हने येते. मंग मी काय म्हनू?"

 सासू पुढे आली. मला वाटलं, ती भांडणार. पण ती मॅडमच्या कानाशी वाकली आणि आपल्या तोंडावर हात धरून म्हणाली, "माह्या तोंडाले येते का व बाई? आमचे हे होते तवा म्हनत." मॅडमनी तिला खुर्चीवर बसवलं, जवळ सरकल्या, डोळे मिटले. "येतो," म्हणाल्या. "हिरड्यांचा आहे. बरा होतो. दर आठवड्याला या." सासू दारव्ह्याच्या गाडीची वेळ विचारायला लागली.

सगळं मिटलं असं मला वाटलं. मॅडमनाही वाटलं. त्या ताईला म्हणाल्या, "जा मग. आता काय अडचण आहे? वास नाही, आणि नवराही कबूल झाला."

ताई उभी राहिली. तिनं तोंडावर हात नेला नाही. "वास येते हे यांच्या पूर्ण गावाले माहीत हाय, मॅडम. आमच्या गावाले माहीत हाय. आन् नाई येत, हे यांनी इथं पडद्यामागं सांगितलं. मी नाई जात."

"अगं, माणूस चुकतो. त्यानं मान्य केलं ना?"

"तुमी मंगळवारी माहा वास घेतला, तवा खरं काय ते समजलं. याले तं रोजच घेता येत होता," ताई म्हणाली. "खरं मालूम असून गप राह्यला तो. ते कायनं धुवाचं?"

  मॅडमनी चष्मा काढून पदरानं पुसला, पुन्हा घातला आणि भाऊजींना म्हणाल्या, "ऐकलंत ना? याला माझ्याकडे औषध नाही. तुमच्याकडे आहे." भाऊजी आणि सासू गेले. जाताना चाचांनी भाऊजींना विचारलं, "गोळी दूँ?" भाऊजींनी मान हलवली.

पावसाळा आला आणि मॅडम दमायला लागल्या. एसटीची पायरी चढताना थांबायच्या. मुलगा त्यांना नागपूरला न्यायला निघाला होता. शेवटच्या गुरुवारी मी एकटीच गेले. माझी कॉलेजातली पहिली तोंडी परीक्षा जवळ आली होती आणि मला भलत्याच भीतीनं घेरलं होतं. सर समोर बसणार, मी बोलणार, आणि त्यांना वास आला तर? ताईचा पदर सुटला होता, पण तिची ती सवय माझ्या हाताला लागली होती. मी बोलताना नकळत तोंडापुढे हात धरायचे.

मॅडमनी न विचारता खुर्ची ओढली. "हा कर." मी केलं. त्यांनी घेतला. "कोरडं पडलंय," म्हणाल्या. "घाबरलं की तोंड कोरडं पडतं, मग वास येतो, मग आणखी घाबरायला होतं. तुमच्या कॉलेजात मुलींचा संडास कसा आहे?" मी म्हटलं, कुलूप असतं. त्यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला. "म्हणजे तूही पाणी पीत नाहीस." मी मान डोलावली. त्या म्हणाल्या, "किल्ली कुणाकडे असते ते शोध. तोंडी परीक्षेच्या आधी तेवढं कर. तो तुझा पहिला प्रश्न समज."

किल्ली शिपायाकडे होती, आणि मागितली की मिळत होती. कुणी मागितलीच नव्हती. मी मागितली, तेव्हा माझ्यामागे आणखी मुली उभ्या राहिल्या. तोंडी परीक्षेत मी फार चांगलं बोलले असं नाही. पण सरांनी विचारलेलं ऐकू आलं आणि मी दिलेलं उत्तर त्यांनाही ऐकू गेलं.

मॅडम नागपूरला गेल्या. जब्बारचाचांनी खोलीत औषधांचे खोके भरून ठेवले. सासू एका गुरुवारी आली, कुलूप पाहून बाहेरच बसून राहिली आणि परत गेली, असं चाचांनी सांगितलं.

भाऊजी वेचणी सुरू झाल्यावर आले. एकटे आले. संध्याकाळची वेळ होती, बाया शेतातून परतत होत्या, पुरुष चौकात बसले होते. ते आमच्या घरात आले नाहीत, ओट्यावर चढले नाहीत. रस्त्यातच उभे राहिले. हाताला भेगा पडल्या होत्या. घरामागं संडासासाठी खड्डा खणून विटा रचल्या, असं त्यांनी आधी बाबांना सांगितलं. मग ताई दारात आली. भाऊजींनी तोंडातला खर्रा बाजूला थुंकला, दोनदा खाकरले, आणि मला वाटलं, ते आता हळूच काहीतरी पुटपुटतील. ते ओरडलेच.

"वनिताच्या तोंडाले वास कधीच नवता! मले मालूम होतं! मायसमोर मी खोटं बोललो!"

वेचणीवरून येणाऱ्या बाया थांबल्या. दामूआजा कानावर हात ठेवून म्हणाले, "काय म्हने तो?" भाऊजींनी ते पुन्हा एकदा, आजांना ऐकू जाईल असं म्हटलं. ताई तशीच दारात उभी होती. मग ती म्हणाली, "आता तुमच्या गावात जाऊन बी असंच म्हनान?" ते म्हणाले, "म्हनून आलो. काल चावडीवर म्हनलो." ताई आत गेली आणि पिशवी भरायला लागली.

दुसऱ्या दिवशी मी चाचांच्या दुकानातून नागपूरला फोन केला. मॅडमच्या मुलानं घेतला, त्यांना दिला. त्यांचा आवाज फार बारीक झाला होता. मी सगळं सांगितलं. माझं बोलणं घाईत होतं, मधे मधे बोली येत होती. त्यांनी एकदाही दुरुस्त केलं नाही.

"ओरडला म्हणतेस?" त्यांनी विचारलं. "किती लांब ऐकू गेलं?"

"चौकातल्या पानठेल्यापर्यंत गेलं असंल, मॅडम."

"पानठेल्यावर लोक होते का?"

"होते. पुष्कळ होते."

पलीकडे त्या थोडा वेळ नुसता श्वास घेत होत्या. तो मला ऐकू येत होता.

"मग बरी होईल ती," मॅडम म्हणाल्या.